जर्मनांचा पोल्का टेक्सासात मेक्सिकन कसा झाला

ऑस्टिनला बहिणीकडे गेले होते, तेव्हा एका रविवारी आम्ही गाडीने सॅन अँटोनियोला निघालो. रस्ता साधारण दीड तासाचा. वाटेत न्यू ब्राउनफेल्स नावाचं गाव लागतं. गावाचं नाव जर्मन, तिथल्या प्रसिद्ध वॉटर पार्कचं नाव श्लिटरबान, तेही जर्मन. गाडीत रेडिओ चालू होता. गाण्याचे शब्द स्पॅनिश होते आणि शब्दांच्या मधल्या जागा एक पेटी, म्हणजे अकॉर्डियन, भरून काढत होती. पाय आपोआप हलायला लागावा असा ठेका: धूम-चक, धूम-चक. भाऊजी म्हणाले, "इथल्या मेक्सिकन लोकांचं संगीत आहे हे."

मी लहानपणी सहा-सात वर्षं पेटी शिकले आहे, त्यामुळे पेटी कुठेही वाजली तरी कान तिकडे जातो. तो ठेका मेक्सिकोतला नव्हता. तो पोल्का होता, म्हणजे थेट मध्य युरोपातला. खिडकीबाहेर जर्मन पाट्या, रेडिओवर स्पॅनिश गाणं आणि त्याखाली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, नाचाची लय. हे सगळे एका गाण्यात कसे येऊन बसले, याचा शोध घ्यायला लागले आणि त्यात पार बुडून गेले. जे हाती लागलं ते इथे सोपं करून सांगते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘युरोपियन स्थलांतरितांनी टेक्सासचं संगीत घडवलं’ असं सर्रास लिहिलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. युरोपियनांनी वाद्य आणलं, नाच आणले. त्यांचं टेक्सासचं संगीत झालं ते शेतात कापूस वेचणाऱ्या मेक्सिकन मजुरांच्या हातात. ते नेमकं कसं झालं, हीच खरी गोष्ट आहे.

कोण आले आणि कुठे उतरले

टेक्सास आधी स्पेनचा होता. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला, तेव्हा तो मेक्सिकोचा प्रांत राहिला. १८३६ साली तो फुटून निघाला, नऊ वर्षं स्वतंत्र देश म्हणून नांदला आणि १८४५ साली अमेरिकेत सामील झाला. पुढे अमेरिका-मेक्सिको युद्ध झालं आणि १८४८ च्या तहाने रिओ ग्रान्दे नदी ही सीमा ठरली. नदीच्या उत्तरेला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी स्पॅनिश बोलणारी कुटुंबं होती. त्यांची घरं जागच्या जागी राहिली, देश तेवढा बदलला. या लोकांना तेहानो म्हणतात. तेहानो म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘टेक्सासचा माणूस’, इतकंच.

जर्मन येऊ लागले ते १८३० च्या दशकात. फ्रीडरिख अर्न्स्ट नावाचा एक गृहस्थ १८३१ मध्ये येऊन स्थायिक झाला. त्याने गावाकडे धाडलेलं पत्र हातोहाती फिरलं आणि ते वाचून आणखी माणसं निघाली. मग १८४२ मध्ये काही जर्मन सरदार-उमरावांनी एकत्र येऊन टेक्सासात वसाहत करायची मंडळीच काढली. त्यांच्यातल्या प्रिन्स कार्ल याच्या पुढाकाराने मार्च १८४५ मध्ये न्यू ब्राउनफेल्स वसलं, पुढच्या वर्षी फ्रेडरिक्सबर्ग. हे सगळं सुखासुखी झालं नाही. १८४६ साली जहाजांतून उतरलेली हजारो माणसं किनाऱ्यावर अडकून पडली, कारण सामान वाहणाऱ्या गाड्या युद्धासाठी सैन्याने घेतल्या होत्या. तंबूंत, पावसात, रोगराईत माणसं दगावली. जे वाचले ते चालत आत गेले.

आणि तरीही, गाव वसून पाच वर्षं झाली नाहीत तोवर, १८५० साली, न्यू ब्राउनफेल्समध्ये गायन मंडळ स्थापन झालं! १८५३ मध्ये तिथे टेक्सासातला पहिला जर्मन गायन महोत्सव भरला. मला हे फार भावलं. पोटापाण्याचं अजून धड नाही, आणि माणसं चार आवाजांत गायला जमताहेत.

जर्मनांपाठोपाठ मोराव्हिया आणि बोहेमियातून चेक आले, १८५० च्या दशकात. त्यांच्याही बाबतीत एका पाद्र्याने, बेर्गमन यांनी, घरी लिहिलेली पत्रं कारणी लागली. १८५४ च्या नाताळात सायलेशियातल्या पोलिश कुटुंबांनी पान्ना मारिया हे गाव वसवलं. अमेरिकेतली ही सर्वांत जुनी पोलिश वस्ती. तिथे पेटीपेक्षा फिडल, म्हणजे व्हायोलिन, अधिक वाजायचं.

या सगळ्या लोकांनी एक गोष्ट सारखीच केली: नाचायला हॉल बांधले. लाकडी, उंच छपराचे, सगळीकडून खिडक्या असलेले, कारण टेक्सासचा उन्हाळा म्हणजे आपल्या विदर्भाचा भाऊ. बेलव्हिलचा १८९७ मधला हॉल तर बारा कोनांचा आहे. मधे खांबाभोवती जोडप्यांनी गोल फिरायचं, कडेने बाक. शनिवारी आख्खं घर यायचं आणि पोरं पेंगायला लागली की त्यांना बाकांवरच झोपवायचं. न्यू ब्राउनफेल्सजवळचा ग्रीन हॉल १८७८ चा आहे आणि आजही तिथे दर आठवड्याला संगीत होतं. कंट्री संगीताचा राजा विली नेल्सन लहानपणी पहिल्यांदा पैसे घेऊन वाजवायला बसला तो एका चेक कुटुंबाच्या पोल्का बँडमध्ये.

पोल्का म्हणजे नक्की काय

पोल्का हा १८३० च्या दशकात बोहेमियात रुजलेला जोडीचा नाच. पुढच्या दहा वर्षांत पॅरिसपासून सगळ्या युरोपला त्याने वेड लावलं. लय दोन मात्रांची. प्रत्येक मात्रेचे दोन भाग करा: पहिल्या भागावर खर्जाचा एक सूर, दुसऱ्यावर वरचे दोन-तीन सूर एकदम. धूम-चक, धूम-चक. ‘धूम’ला पाऊल जमिनीवर पडतं, ‘चक’ला शरीर वर उचललं जातं. सगळी उडी त्या ‘चक’मध्ये आहे.

पोल्काबरोबर त्याची भावंडंही आली. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. ज्यांना दादरा ठाऊक आहे त्यांना तो झुलवा लगेच कळेल, जरी दोघांचं वजन वेगळं असलं तरी. रेडोवा मूळचा चेक. शॉटिशची गंमत अशी की जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘स्कॉटलंडचा’, नाचतात जर्मन, आणि टेक्सासच्या स्पॅनिशमध्ये त्याचं झालं ‘चोतीस’. तेहानो वादकांच्या जुन्या तबकड्यांवर पोल्का, रेडोवा, चोतीस, वॉल्ट्झ ही नावं ओळीने दिसतात. गाणाऱ्यांची आडनावं स्पॅनिश आणि नाचांची नावं युरोपभरची.

पेटीच्या पोटात

आता वाद्याकडे येऊ, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे.

आपली पेटी उघडून बघा. पट्ट्यांच्या खाली पितळी सुरांची रांग दिसेल. प्रत्येक सूर म्हणजे पितळेच्या चौकटीत एका टोकाला घट्ट बसवलेली जिभली. दुसरं टोक मोकळं. हवेचा झोत गेला की जिभली थरथरते आणि आवाज येतो. लांब जिभली खर्ज देते, आखूड जिभली तार सप्तक. आमच्या गुरुजींकडे पेटी दुरुस्तीला यायची तेव्हा ते ही जिभली अगदी हलक्या हाताने घासून सूर मिळवायचे. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. मी बाजूला बसून पाहायची.

माउथ ऑर्गन, आपली पेटी आणि अकॉर्डियन ही तिन्ही या जिभलीची लेकरं. फरक हवा कशी द्यायची एवढाच. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियान याने १८२९ साली हातात धरून भात्याने वाजवायच्या अशा वाद्याचं पेटंट घेतलं आणि त्याला अकॉर्डियन हे नाव दिलं. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी माथियास होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ मध्ये माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली. पुढे त्याच कंपनीने अकॉर्डियनही काढली, आणि आज टेक्सासात जुन्या वादकाच्या मांडीवर जी पेटी दिसेल तिच्यावर बहुधा होनर हेच नाव असेल.

आपण अकॉर्डियन म्हटलं की हिंदी सिनेमातलं पियानोसारख्या पट्ट्यांचं वाद्य डोळ्यांसमोर येतं, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी वाजवलेलं. टेक्सासचं वाद्य ते नव्हे. त्याला पट्ट्या नाहीत, बटणं आहेत. उजव्या हाताला चालीसाठी बटणांच्या एक, दोन किंवा तीन रांगा. डाव्या हाताला मोजकी बटणं, त्यांतून खर्जाचा सूर आणि साथीचे एकत्र सूर निघतात. म्हणजे ‘धूम’ही पेटीतच आणि ‘चक’ही पेटीतच.

आणखी एक फरक आहे तो फार महत्त्वाचा. या पेटीत एकाच बटणाला दोन सूर असतात. भाता दाबला तर एक, ओढला तर दुसरा. माउथ ऑर्गन वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: फुंकलं की एक सूर, श्वास आत घेतला की दुसरा. चाल वाजवताना भाता सतत आत-बाहेर करावा लागतो आणि प्रत्येक वेळी हवेला छोटासा झटका बसतो. पोल्काची उडी वाद्याच्या रचनेतच आहे, ती वेगळी आणावी लागत नाही.

हे वाद्य गरिबाला का परवडलं, तेही बघा. ते सुरात लावावं लागत नाही. घोड्यावर, खटाऱ्यात कुठेही नेता येतं. आवाज एवढा की माइकशिवाय अंगणभर ऐकू जातो. आणि एकटा माणूस चाल, खर्ज, साथ सगळं सांभाळतो, म्हणजे बिदागी एकालाच द्यायची.

अंगणातले नाच

पेटी मेक्सिकन लोकांकडे कुठल्या वाटेने आली यावर अभ्यासकांत वाद आहे. काही म्हणतात मध्य टेक्सासातल्या जर्मनांकडून. काही म्हणतात सीमेपलीकडच्या मोंतेरेय शहरातून, तिथेही जर्मन व्यापारी होते आणि युरोपियन नाच आधीच पोचले होते. मला दोन्ही वाटा खऱ्या वाटतात. वाद्य काही परवाना दाखवून एकाच नाक्यावरून येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण टेक्सासातल्या रांचोंवर, म्हणजे गुरं-शेतीच्या वाड्यांवर, नाच व्हायचे ते एका पेटीवर आणि घरगुती ढोलावर. या ढोलाला तंबोरा दे रांचो म्हणत. आपल्या तानपुऱ्याच्या तंबोऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, हा बकरीचं कातडं ताणून केलेला ढोल. लग्न, बारसं, सुगी, काहीही निमित्त. जमीन सारवल्यासारखी पाणी मारून चोपायची, म्हणजे धूळ उडत नाही. नाचणारे दिवसा कापूस वेचायचे. मोसमानुसार कुटुंबंच्या कुटुंबं या शेतातून त्या शेतात जायची. ऊसतोड कामगारांची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र वेगळं समजावून द्यायला नको.

याच काळात दुसरं एक संगीत तिथे जोरात होतं, ते म्हणजे कोरीदो. कोरीदो म्हणजे त्यांचा पोवाडा: घडलेली गोष्ट, शूर माणूस, तारीख-वार सांगत गायची. सगळ्यांत गाजलेला कोरीदो ग्रेगोरिओ कोर्तेस याचा. १९०१ साली एक शेरीफ घोडा चोरीच्या तपासात त्याच्या घरी आला. दुभाष्याने विचारलं, ‘अदलाबदलीत घोडा दिलास का?’ कोर्तेस म्हणाला, नाही. त्याने दिली होती ती घोडी. स्पॅनिशमध्ये घोडा वेगळा आणि घोडी वेगळी, दुभाष्याला तो फरक कळला नाही. त्यातून गोळ्या झाडल्या गेल्या, कोर्तेसचा भाऊ जखमी झाला, शेरीफ मारला गेला, आणि पुढचे दहा दिवस शेकडो माणसं कोर्तेसच्या मागावर होती. ही घटना घडली कार्न्स काउंटीत, म्हणजे ज्या काउंटीत पोलिशांचं पान्ना मारिया आहे तिथेच. या एकाच पट्ट्यात एकीकडे युरोपियनांचे नाचाचे हॉल होते आणि दुसरीकडे मेक्सिकन माणसाचं बोलणं समजून न घेता त्याच्यावर बंदूक रोखली जात होती. हे विसरून ‘संस्कृतींचा सुंदर संगम’ असं लिहिणं मला पटत नाही. पुढे कोरीदो पेटीच्या साथीने, बऱ्याचदा पोल्काच्याच ठेक्यावर गायले जाऊ लागले.

नार्सिसोचा डावा हात

आता त्या माणसाकडे येते ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

नार्सिसो मार्तिनेस १९११ मध्ये मेक्सिकोतल्या रेनोसा इथे जन्मला आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर नदीच्या या बाजूला आला. घर शेतमजुरांचं, शाळा नावापुरती. १९२० च्या दशकाच्या शेवटी तो बिशप नावाच्या गावी राहायला गेला. तिथे चेक आणि जर्मन शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांचे पोल्का, त्यांच्या चाली त्याने तिथे कानाने टिपल्या. त्याच्या आधी, १९२८ मध्ये, ब्रुनो व्हियारेआल याने तेहानो पेटीची पहिली तबकडी भरली होती. पण वाद्याला नवं वळण लावलं ते नार्सिसोने.

त्याच्या जोडीला होता सांतियागो आल्मेइदा, हातात बाहो सेक्स्तो. हे मेक्सिकोचं गिटारसारखं वाद्य, पण अंगाने दांडगं. बारा तारा, दोन-दोनच्या सहा जोड्या, आणि सूर गिटारपेक्षा बरेच खाली. आल्मेइदा त्यावर खर्जाचा सूर छेडायचा आणि लगेच वरच्या तारांवर झटका द्यायचा. धूम-चक.

आणि इथे नार्सिसोने डावा हात जवळजवळ थांबवला.

हे एवढं मोठं का, ते सांगते. जर्मन पद्धतीत डावा हात हा पेटीचा पाया. पण डावीकडची बटणंही भात्याच्या दिशेला बांधलेली असतात: दाबताना एक साथ मिळते, ओढताना दुसरी. म्हणजे साथ बरोबर यावी म्हणून भाता अमुकच दिशेला न्यायचा आणि उजव्या हाताने निमूट मागे जायचं. नार्सिसोने म्हटलं, धूम आणि चक तर आल्मेइदा देतोच आहे, माझ्यापेक्षा चांगली देतो आहे. मग डाव्या हाताने फक्त भाता सांभाळायचा. लगेच उजवा हात सुटला. भाता हवा तेव्हा हवा तिकडे वळवता येऊ लागला. सूर लांब न ओढता तोडून, टपोरे, भराभर वाजवता येऊ लागले. जर्मन पेटी भरगच्च वाजते, सगळ्या हॉलभर पसरते. नार्सिसोची पेटी रेघेसारखी वाजते. त्याला ‘दरीतलं वादळ’ हे टोपणनाव पडलं. दरी म्हणजे रिओ ग्रान्देचं खोरं.

पुढे सगळ्या तेहानो वादकांनी हीच वाट धरली. काहींनी तर डावीकडचे सूर पेटीतून काढूनच टाकले. पेटी आणि बाहो सेक्स्तो या जोडीतून जो वाद्यमेळ झाला त्याला म्हणतात कोन्हुंतो. शब्दाचा अर्थ ‘एकत्र’, ‘मेळ’.

१९३० च्या दशकाच्या मध्यात ब्लूबर्ड कंपनीने नार्सिसोच्या तबकड्या काढायला सुरुवात केली. त्या काळी कंपन्या वेगवेगळ्या भाषिक गटांसाठी वेगवेगळ्या तबकड्या विकत. मग ब्लूबर्डने नार्सिसोच्याच काही चाली पोलिश गिऱ्हाइकांसाठी ‘पोल्स्की क्वार्टेट’ या नावाने विकल्या, आणि लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांसाठी ‘लुइझियाना पीट’ या नावाने! युरोपियनांकडून घेतलेला पोल्का एका मेक्सिकन शेतमजुराने इतका आपलासा केला होता की तो परत युरोपियनांनाच त्यांचा म्हणून विकला जात होता.

त्यातून नार्सिसो श्रीमंत झाला का? नाही. तो शेतात राबला, ट्रक चालवला, पुढे प्राणिसंग्रहालयात जनावरांची देखभाल केली. १९८३ मध्ये त्याला अमेरिकेचा लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. तेव्हा तो बहात्तरीच्या घरात होता.

आपल्याकडचा डावा हात

हे वाचताना मला सारखी आपली पेटी आठवत होती, आणि ते उगाच नव्हतं.

हार्मोनियम पॅरिसची, १८४० च्या सुमाराची. युरोपात ती पायाने भाता मारून, खुर्चीवर बसून, दोन्ही हातांनी वाजवत. उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने साथीचे सूर. आपल्याकडे संगीत नाटकात वाजणारी पायपेटी म्हणजे त्याच घराण्यातली. पण कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता मारायची पेटी बनवली. मांडी घालून बसायचं, उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर. साथीचे एकत्र सूर आपल्याला लागतच नव्हते. रागसंगीत एका सुरामागून दुसरा असं चालतं, आणि आधाराला तानपुरा असतोच.

म्हणजे बघा, टेक्सास आणि भारत, मधे आख्खी पृथ्वी, एकमेकांशी काही संबंध नाही. दोघांच्या हाती युरोपची एकाच जातीची वाद्यं आली, आणि दोघांनी युरोपियन डावा हात काढून टाकला. कारणं वेगळी. तिथे बाहो होता म्हणून, इथे संगीताची घडणच निराळी म्हणून. घेणाऱ्याने वाद्य जसंच्या तसं घेतलं नाही, आपल्या गळ्याला आणि आपल्या जमिनीला बसेल असं करून घेतलं. गोविंदराव टेंबे यांची पेटी ऐकून ती फ्रेंच वाद्य आहे असं कोणाच्या मनात आलं असतं का?

आणखी एक साम्य, थोडं दुखरं. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे तीसेक वर्षं राहिली, हे आपल्याला माहीत आहे. टेक्सासातही सुस्थितीतल्या मेक्सिकन घरांना पेटीचा आवाज नकोसा वाटे. तो कांतिनांमधला, म्हणजे गुत्त्यांमधला आवाज, मजुरांचा आवाज. त्यांना आवडायचे ट्रंपेट-सॅक्सोफोनचे मोठे बँड, त्यांना ऑर्केस्ता म्हणत. या विषयाचा सगळ्यात खोलवर अभ्यास केलेले मानुएल पेन्या यांचं म्हणणं असं की कोन्हुंतो टिकला तो त्यामुळेच. ज्यांना गोऱ्यांच्या जगात जागा नव्हती आणि स्वतःच्या समाजातल्या वरच्या थरातही नव्हती, त्यांनी तो घट्ट धरून ठेवला. मला हे म्हणणं शंभर टक्के पटतं.

पोल्का हळू कसा झाला

दुसऱ्या महायुद्धानंतर बदल भराभर झाले. सॅन अँटोनियोच्या सांतियागो हिमेनेस यांनी मेळात मोठं उभं बास आणलं होतंच. वालेरिओ लोंगोरिया याने ड्रम आणले आणि पेटी वाजवता वाजवता गाण्याची पद्धत रुळवली. माइक आणि लाउडस्पीकर आले.

मग टोनी दे ला रोसा याने पोल्काची लय उतरवली. युरोपियन पोल्का धावतो, त्यात उड्या आहेत. टेक्सासच्या नाचणाऱ्यांनी ताक्वाचितो नावाचा नाच काढला. ताक्वाचे म्हणजे ओपॉसम, तिथला एक संथ चालीचा प्राणी. पाय जमिनीवरून न उचलता घसटत, जोडीजोडीने गोल सरकायचं. उडी गेली, घसरण आली. टोनीने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि लय त्यांना जुळेल इतकी केली. आज तेहानो पोल्का ऐकून एखादा बोहेमियन शेतकरी नाचायला उठला, तर पहिल्याच फेरीत त्याचं पाऊल चुकेल.

जर्मन गावांत दरम्यान काय घडलं? पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनांविषयी राग उसळला. १९१८ मध्ये टेक्सासने शाळांतून इंग्रजीतच शिकवायचा कायदा केला. घरात जर्मन बोलणं कमी होत गेलं, आणि आज टेक्सास-जर्मन बोली बोलणारी माणसं उरली आहेत ती फक्त म्हातारी. चेकचंही थोड्याफार फरकाने तेच. बँड आहेत, वर्षातून एकदा उत्सव होतात, हॉल जपले आहेत. पण कामगाराच्या घरी, लग्नात, ट्रकच्या रेडिओवर, रोजच्या जगण्यात पोल्का वाजतो तो स्पॅनिशमध्ये.

एका माणसाचं नाव इथे घ्यायलाच हवं. ख्रिस स्ट्राखविट्स. जर्मनीत जन्मलेला हा मुलगा १९४७ मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. १९६० साली त्याने स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली आणि ज्या वादकांना कोणी विचारत नव्हतं त्यांच्या दारात जाऊन त्यांचं संगीत मुद्रित केलं. जुन्या स्पॅनिश तबकड्या तर त्याने एवढ्या गोळा केल्या की मेक्सिकन आणि मेक्सिकन-अमेरिकन संगीताचा तो सगळ्यात मोठा संग्रह ठरला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने त्याचं डिजिटल जतन केलं आहे आणि तो इंटरनेटवर चाळता येतो. पहिले जर्मन पेटी घेऊन आले, आणि शंभर वर्षांनी आलेल्या या जर्मनाने त्या पेटीचं पुढे काय झालं ते जपून ठेवलं. २०२३ मध्ये तो गेला.

आणि हिमेनेस घराणं. पात्रिसियो हिमेनेस यांनी पेटी जर्मन वस्तीकरांकडून उचलली, असं हे घर सांगत आलं आहे. त्यांचा मुलगा सांतियागो, ज्याचा उल्लेख वर आला. त्याचा मुलगा फ्लाको, ज्याने ही पेटी टेक्सासबाहेर सगळ्या जगात नेली, रॉक संगीतातल्या बड्या लोकांबरोबर वाजवली आणि २०१५ मध्ये जीवनगौरव ग्रॅमी घेतलं. फ्लाकोचा धाकटा भाऊ सांतियागो ज्युनियर मात्र वडिलांच्याच जुन्या ढंगाने, साध्या दोन रांगांच्या पेटीवर वाजवत राहिला. एका घरात दोन भाऊ, एक पुढे जाणारा आणि एक राखणारा. आपल्या गाणाऱ्या घराण्यांत हे किती वेळा पाहिलं आहे! फ्लाको ३१ जुलै २०२५ रोजी गेला. ८६ वर्षांचा होता.

ऐकायचं असेल तर असं ऐका. आधी एखाद्या टेक्सास-चेक बँडचा कुठलाही पोल्का लावा आणि हाताने धूम-चक धरा. मग नार्सिसो आणि आल्मेइदा यांची १९३० च्या दशकातली एखादी तबकडी. आवाज खरखरीत असेल, तिकडे लक्ष देऊ नका. पहिल्या वेळी फक्त पेटी ऐका. दुसऱ्या वेळी पेटी विसरा आणि खाली आल्मेइदाचा बाहो शोधा. तो सापडला की पेटी पुन्हा ऐका. नार्सिसोचा डावा हात कुठे गप्प आहे, ते कानाला कळेल.